बाबांच्या खोलीतला कूलर

यवतमाळ, १४ मे १९६६

उकाड्यात बाबांना धाप लागायची म्हणून कूलर हवा होता. विजेचं शिकले आहे, निवड माझ्यावरच. खिडकीचं माप बोलावलेल्या दोन्ही कारागिरांनी घेतलं. पण "बाबूजी कोन्या कुशीवर झोपतेत?" हे फक्त गणपतभाऊंनी विचारलं. डाव्या. म्हणून त्यांनाच काम दिलं.

आज दुपारी ते कूलर घेऊन आले. बाबा सकाळीच गेले होते.

"ताई, वापस नेऊ काय?"

"नको, बसवा. दादा मुंबईहून उद्या पोचेल. तोवर बाबांना ठेवायचंय."

त्यांनी कूलर बसवून त्याचा वाळा भिजवला. झोत डाव्या कुशीच्या बेताने लावलेला, बाबा उताणे. मीच झडप वळवली. कपाळावरचे केस हलले.

हवेनेच. मला माहीत आहे, हवेनेच.