नळीत पाहिलंत का?

८ डिसेंबर २०२५
देवरीहून कोतवाल कैलाशच्या मोटरसायकलवर, धानाच्या पुंजण्यांमधून गावात पोचलो. हवा गार, मन प्रसन्न. देवरीत खोली मिळाली नाही म्हणून कैलाशने तळ्याच्या पाळीलगत शामकलाबाईंकडे सोय केली. विधवा बाई, बोलणं मोजकं; पण झिंग्यांची चटणी अशी की मी तीनदा भात घेतला.

याच पाळीवर सहा वर्षांपूर्वी सभापती ईश्वरदास यांना गोळी घातली गेली. गोळी उदाराम नावाच्या शेतकऱ्याच्या बंदुकीतली, हा प्रयोगशाळेचा अहवाल माझ्या सहीचा. उदारामला जन्मठेप झाली, तो तुरुंगातच मेला. त्याच्या बायकोने अपील चालू ठेवलंय. उद्या कोर्टाच्या आदेशाने जागेची पुन्हा पाहणी. तिच्या बाजूचा तज्ज्ञ हेमेंद्र, माझाच जुना शिष्य. गुरूची विद्या गुरूला! त्याची अशी जिरवतो की पुन्हा तोंड उघडणार नाही.

९ डिसेंबर
पाळीवर सगळा गाव लोटला. हेमेंद्रचं म्हणणं असं: प्रेतातल्या गोळीवर आट्यांच्या खुणा आहेत, म्हणजे ती आतून आटे असलेल्या नळीतून सुटली, पिस्तुलातून वगैरे. उदारामची तर भरमार बंदूक, नळीच्या तोंडातून दारू ठासायची, रानडुकरं हाकलायची. तिची नळी पाइपासारखी गुळगुळीत. खुणा येतील कुठून? मी तीस वर्षांचा अनुभव काढला, चार जाडजूड ग्रंथ तोंडावर फेकले. त्याने कागद आवरले. मग शामकलाबाई पुढे आल्या.

"साहेब, तुमी नळीत पायलं होतं का?"

मी हसलो. परतताना कैलाशने सांगितलं, शामकलाबाईच उदारामच्या बायको. अपिलाचे कागद मी वाचलेच नव्हते. त्याला झापलं, मला तिथे कशाला उतरवलंस? म्हणाला, दुसऱ्या कोणी दार उघडलं नसतं.

१० डिसेंबर
खरं इथेच लिहितो. रोजनिशी कोण वाचतंय? तेव्हा वरून फोन होता, दोन दिवसांत अहवाल हवा. बंदुकीचं सील मी फोडलंच नाही. 'नळीच्या आटेखुणा तंतोतंत जुळतात' हे आमचं तयार वाक्य. जुन्या अहवालातून उचललं आणि सही ठोकली. हेमेंद्रसमोर मात्र मरेपर्यंत कबूल करणार नाही.

दुपारी जेवून खोलीत आलो, तर खुंटीवर भरमार. लाखेचं सील, चिठ्ठी, चिठ्ठीवर माझी सही. ती तर कोर्टाच्या कुलपात आहे! बाईंना बोलावलं. त्यांना खुंटी रिकामीच दिसली. शांतपणे म्हणाल्या, थो, माहा धनी, रोज दुपारी येऊन राहिला, साहेब. म्याच त्याले सांगतलं, तुमी येऊन राहिले म्हणून.

११ डिसेंबर
कैलाशला बोलावलं, देवरीला सोड म्हटलं. मोटरसायकल पाळीवर बंद पडली. तीनदा. चालत निघालो. पाळ संपली ती याच अंगणात.

सील तुटलंय. मी हात लावलेला नाही. बंदूक खुंटीवर आडवी नाही आता — नळी माझ्याकडे.

१२ डिसेंबर
बसलो की नळी खाली येते. उठलो की वर.

हेमेंद्रला फोन लावला. तू खरा, कोर्टात लिहून देतो म्हणालो. पलीकडे हेमेंद्र नव्हता. दुसराच कोणी पुरुष — काऊन नाही पायलं, एवढंच, पुन्हा पुन्हा —

बाईंचे पाय धरले. म्हणाल्या, सहा वर्ष म्या सगळ्यायचे पाय धरले, साहेब. आता लिवा. पण पाहून लिवा.

१३ डिसेंबर, दुपार
बाई अंगणात धान पाखडताहेत. सुपाचा आवाज.

नळी तोंडासमोर. उदाराम कानाशी — डोळा लाव म्हणतो, मग सोडतो —

लावला. हाताने चाचपत लिहितोय.

तपासणी. भरमार बंदूक. नळी आतून गुळगुळीत. आटे नाहीत. एकही नाही. ही गोळी या बंदुकीतली नाही. उदाराम निर्दोष. सही —

केली सही. तरी मान हलत नाही —

नळीत दारूचा वास. ताजी —

सूप थांबलं.

आत, तळाशी — एक डोळा — मला पाहून रा