वॉर्डातली मराठी घरं

२ एप्रिल

आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. संजू भर दुपारी घरी आला आणि बूट न काढता दिवाणावर बसला. माझ्या या दिराला दुपारचं घरात कधी पाहिलेलं नाही. कुणाचं लग्न असो, मयत असो, गटार तुंबो, वॉर्डात पहिला फोन संजूभियाला. यंदा तिकीट जवळपास हातात होतं.

त्याची बायको सरकारी शाळेत शिकवते, तिला उभं राहता येणार नाही. जेवताना माझा नवरा श्रीकांत म्हणाला, "मग हिचं नाव दे ना." मीठ मागावं तसं म्हणाला. आई, म्हणजे सासूबाई, हसल्या. मीही हसले. संजू हसला नाही.

४ एप्रिल

ठरलं म्हणे. मी हो कधी म्हटलं, आठवून पाहतेय. नाही म्हटलं नाही, एवढं खरं.

पार्टीच्या वरच्या लोकांना वॉर्डाची माहिती लिहून हवी आहे. कुठल्या गल्लीत कोण, समाज कुठला, कामधंदा काय, अडचणी काय. सं. म्हणाला, "वहिनी, तुम्ही मासिकांत लिहिता, ये तो आपके बाएँ हाथ का खेल. फक्त गोष्ट नका बनवू."

६ एप्रिल

सकाळभर सं.बरोबर हिंडले. टाचा दुखतायत.

पुढची गल्ली आमची. संस्थानच्या फौजेत नाहीतर कचेरीत मराठी मुलखातून इकडे आलेल्यांचे पणतू. आता कुणी बँकेत, कुणाची कोचिंग, मुलं बंगळूर-कॅनडात. संध्याकाळी ओट्यांवर म्हातारी माणसं आणि तुळशीच्या कुंड्या. शेजारच्या नव्या मल्टीत, म्हणजे फ्लॅटांच्या इमारतीत, पुण्या-नागपूरहून नोकरीला आलेली जोडपी. नावं अजून तिकडच्याच मतदारयादीत, म्हणून सं. त्यांना 'पाहुणे' म्हणतो आणि नमस्कारही उरकता करतो. रस्त्यापलीकडे सिंधी कापडवाले. मशिदीमागे टेलर आणि पोलोग्राउंडच्या कारखान्यांत वेल्डिंगला जाणारे. मग पोरांची होस्टेलं. अगदी शेवटी नाल्याकाठची वस्ती. तिकडे गेलोच नाही, सं. म्हणाला, तिथलं मला माहीत आहे.

त्याच्या वहीत मतांचे तीनच खाने: पक्के, कच्चे, सोडा.

सगळे त्याच्याशीच बोलत होते. "भिया, भाभीजी को खड़ा कर रहे हो?" भाभीजी तिथेच उभ्या होत्या. फक्त मशिदीमागच्या गल्लीत एका टेलरच्या बायकोने मला खुर्ची दिली आणि माझं नाव विचारलं. बरं वाटलं. घरी आल्यावर लक्षात आलं, तिचं नाव मी विचारलंच नाही.

८ एप्रिल

आज 'मराठी घरं' लिहिली. आई तोंडपाठ सांगत गेल्या, मी लिहीत गेले. त्यांचा हिशोब सोपा: मंडळाच्या गणपतीला आणि आपल्या हळदीकुंकवाला ज्यांना बोलावणं जातं, ती मराठी घरं. मलाही तेव्हा त्यात काही खटकलं नाही.

संध्याकाळी एकटीच नाल्याकडे गेले. अर्धवट माहिती लिहायची नव्हती. नळावर दोघींचं भांडण चाललेलं, मराठीत. मी थबकले. त्यांतल्या एकीला हिंदीत विचारलं, कब से रहते हो आप लोग. ती म्हणाली, "मराठीत बोला ना. आत्ता फोनवर तर मराठीत बोलत होतात."

वनिता. नवऱ्याचे आजोबा भुसावळकडून मिलमध्ये आले. मिल बंद पडली, नवरा पोलोग्राउंडला खराद, म्हणजे लेथ, चालवतो. ही होस्टेलच्या मेसमध्ये स्वयंपाक करते. पुढच्या दोन्ही रांगा भुसावळकडच्याच. तिची मुलगी अभ्यास करत बसली होती, सरळ मराठीत म्हणाली, "बसा ना काकू." माझी रेवा आज सकाळी म्हणाली होती, "मम्मा, मला भूक लागली आहे ना यार."

लग्न होऊन या वॉर्डात आले त्याला केवढा काळ झाला. हाकेच्या अंतरावर.

९ एप्रिल

वस्तीतली घरंही 'मराठी घरां'त घातली आणि सं.ला दाखवलं.

"वहिनी, ते एससीमध्ये लिहिलेत ना, मग मराठीत नका लिहू. डबल होतील."

मी म्हटलं, आपण जातीतही आहोत आणि मराठीतही, आपण नाही का डबल होत? तो म्हणाला, "तुम्ही भोत विचार करता." मग बेरीज पाहिली आणि चेहरा उजळला. "पण आकडा मस्त होतोय. लिहा, लिहा."

जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं.

११ एप्रिल

पुढच्या आठवड्यात आईंचं चैत्रगौरीचं हळदीकुंकू. संजूच्या मते तिथूनच माझी सुरुवात. मी म्हटलं, वस्तीतल्या बायकांनाही बोलावते. तो म्हणाला, त्यांचं वेगळं ठेवू, तिकडेच, मंडप, साउंड, सगळं. मी नाही म्हटलं. वेगळं नाही, आपल्या घरी. म्हणताना स्वतःबद्दल छान वाटलं, ते इथे लिहून ठेवते.

करंडा घेऊन वनिताकडे गेले. समोरच्या फळीवर बुद्धाची मूर्ती. कोपऱ्यात चौदा तारखेसाठी आणलेल्या निळ्या झेंड्यांचा गठ्ठा. हे सगळं पाहिलं. पाहूनही कुंकवाचं बोट पुढे केलं.

ती थोडी मागे सरली. "ताई, आमच्यात हळदीकुंकू नाही. सासूबाईंच्या लग्नाआधीच सुटलं ते."

बोट तसंच. तीच हसली. "पुसा ते. आणि बोलवायचंच असेल तर जेवायला बोलवा की." मग म्हणाली, "आधी तुम्ही या. चौदाला. जयंतीचं जेवण असतं."

इतकी वर्षं शब्दांत काढली आणि समोरचं घर वाचता आलं नाही.

१४ एप्रिल

पहाटेपासून जयंतीचे ट्रक महूकडे, जन्मस्थळी. संध्याकाळी वस्तीत पंगत. सं. आला, हार घातला, सगळ्यांच्या खांद्यावर हात टाकला. जेवायला बसताना म्हणाला, पोट जरा गडबड आहे. पाण्याची बाटली त्याने घरूनच आणली होती. वनिता म्हणाली, "भियांचं पोट दर निवडणुकीला बिघडतं." बायका तोंडाला पदर लावून हसल्या. सं.ही हसला, पण कान लाल.

मी जेवले. वांग्याची भाजी, पुऱ्या, बुंदी. तिखट होतं, नाक गळायला लागलं. वनिताने वाढता वाढता विचारलं, "मेसमधली पोरं रोज खातात, तुम्हाला झेपतंय ना?" संजूबरोबरच्या पोराने फोटो काढले.

उठताना मी म्हटलं, रविवारी तुम्ही या आमच्याकडे. सगळ्यांनी ऐकलं.

वनिता हात पुसत होती. म्हणाली, "निवडणुकीआधीचं जेवण आम्ही पुष्कळ खाल्लंय, ताई. पण मैदानात. कुणाच्या घरात बसून नाही."

१५ एप्रिल

फोटो गल्लीच्या ग्रुपवर. एरवी गुड मॉर्निंगलाही सगळे हात जोडतात. आज कुणी काहीच टाकलं नाही.

आई दुपारी माझ्या खोलीत आल्या. त्या कधी येत नाहीत, हाक मारतात.

"तू तिकडे जेवलीस, मी काही बोलले?"

"नाही."

"इथे नको, गं. मी आहे तोवर नको."

रेवाच्या आधीचं बाळ गेलं तेव्हा या बाईने मला महिनाभर हाताने भरवलं. माझी प्रत्येक कथा पहिल्यांदा त्या वाचतात, भिंग घेऊन. अशाच शिवाशिवीवर मी लिहिली होती एक. छान लिहिलंयस म्हणाल्या होत्या.

त्या पलंगावरच्या चादरीची सुरकुती सारखी करत बसल्या, मग गेल्या.

१७ एप्रिल

हळदीकुंकू झालं. निम्मी गल्ली आली नाही. ज्या आल्या त्या लवकर गेल्या. समोरच्या काकूंनी आंब्याच्या डाळीची वाटी हातात घेतली आणि गोड आवाजात विचारलं, "डाळ कुणी वाटली? तुम्हीच ना हो?" आईंना विचारलं, बघत माझ्याकडे होत्या. आई म्हणाल्या, मीच. खोटं. त्यांची पाठ धरली म्हणून डाळ मी वाटली होती, त्या शेजारी स्टुलावर बसून मीठ-साखर सांगत होत्या.

काकूंनी खाल्ली.

मला वाचवलं की मला बाजूला केलं? नीट कळत नाही. दोन्ही असेल.

१८ एप्रिल

श्रीकांत म्हणतो, इलेक्शननंतर बोलव, आत्ता वोटांसाठी बोलावतेस असं दिसेल. खरं आहे. आणि फार सोयीचं आहे. नंतर बोलवायला कोण जाणार?

संजू स्पष्ट बोलला. ओरडला नाही, तेच जास्त लागलं. "वहिनी, रविवार कॅन्सल करा, सोमवारी तुमचं नाव वर पाठवतो. नाही तर मामेभावाच्या बायकोचं जाईल. गल्ली फुटली तर काय उरणार? मी सगळी जिंदगी यात घातली आहे." डोळे खरंच भरले होते त्याचे. वाईट माणूस नाही. आईंच्या औषधांची आठवण तोच ठेवतो.

आणि एक गोष्ट, जी मी कुणाला सांगितलेली नाही. मला उभं राहायचं आहे. दोन आठवड्यांपूर्वी मी नुसती मिरवायची भाभीजी होते. आता नाल्याकडचा नळ दिसतो, मल्टीतल्या मुली रात्रपाळीहून येतात तो अंधारा बोळ दिसतो. ही हाव आहे का, माहीत नाही. आहे.

चार वाजता वनिताकडे गेले. पुढे ढकलू या का, असं विचारायचं ठरवून. वाक्य जुळवून ठेवलं होतं. मी काही म्हणायच्या आत ती म्हणाली, "सासूबाईपण येते म्हणतात. गुडघे धरलेत, खाली बसवत नाही. टेबल आहे ना तुमच्याकडे?"

"आहे," म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुम्ही काही सांगायला आला होता."

"नाही. किती जणी येताय, तेवढंच."

१९ एप्रिल, रविवार

सकाळी उठले तर आई तयार. बाहेर नेसायची साडी, हातात पिशवी. सुदामा नगरला वन्संकडे जाते म्हणाल्या, दोन दिवस. माझ्यावर राग नाही म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी रोजचा होता. मी थांबा म्हटलं नाही. म्हणायचं होतं.

श्रीकांत रिक्षा बोलवायला गेला. संजूचा फोन सारखा वाजतोय, उचललेला नाही. मसालेभाताचे तांदूळ धुऊन निथळत ठेवलेत. श्रीखंड फ्रिजमध्ये. पन्ह्यात वेलची घालायची आहे.

रिक्षा येऊन उभी आहे. रिक्षावाल्याने दोनदा हॉर्न दिला. आई बाहेरच्या खोलीत दिवाणावर बसल्यात, पायांत चप्पल, पिशवी मांडीवर. मी स्वयंपाकघरातून त्यांची पाठ पाहतेय आणि ओट्यावरच हे लिहितेय, कारण हात नुसते ठेवता येत नाहीयेत.

आत्ता विचारलं त्यांनी, मागे न वळता:

"त्या सासूबाई म्हणालीस, त्यांना मधुमेह आहे का गं? श्रीखंडात साखर फार पडलीये तुझ्या."

मी म्हटलं, विचारलं नाही.

"विचारायचं असतं."

उठल्या नाहीत. चप्पलही काढली नाही. हॉर्न पुन्हा वाजतोय.