नको म्हटलेल्या खुर्चीची व्यवस्था

मी, मायाप्पा बिरुदेव बंडगर, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा घोंगडी, चादरी व शाली विक्री, राहणार शुक्रवार पेठ, सोलापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला गुरुशांत वकिलांनी सोबत जोडायला लावला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. असता तर पुढचे एवढे उघड लिहिता आले नसते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. तोंडाने मात्र पुष्कळांना पुष्कळ काही देऊन बसलो आहे. ते सर्व या कागदाने रद्द समजावे.

वकिलांचे म्हणणे असे, की मृत्युपत्रात मालमत्ता लिहावी, मनातले लिहू नये. मनातले मग कुठे लिहायचे, असे मी विचारले. त्यावर ते पेन उघडझाक करत बसले.

कलम एक. राहते घर माझी पत्नी अंबुबाई हिच्या हयातीपर्यंत तिचे, तिच्या माघारी मुलगा धनाजी याचे. बँकेतील ठेवी सर्व अंबुबाईच्या. सांगोल्याकडचे कोरडवाहू रान मुलगी सुकन्या हिला. तिचे सासर नातेपुत्याचे, शेतीचे आहे, तिला रानाची किंमत कळते. यात कोणी भांडू नये. भांडायचे कारण पुढे आहे.

कलम दोन. घराखालचे दुकान मालासह माझी सून पूनम हिला द्यावे, धनाजीला नव्हे. पूनम लग्न होऊन आली त्या आठवड्यात पंगतीत अंबुबाईने तिला विचारले, "आणखी शेंगापोळी वाढू का?" नवी सून, मला वाटले लाजेल. ती म्हणाली, "व्हय, दोन वाढा." पंगत हसली. मी हसलो नाही, मला ते उद्धटपणाचे वाटले. आज मला वाटते, या घरात धंदा करण्याच्या लायकीचे माणूस तेवढे एकच आहे. धनाजी गुणी आहे, पण एके दिवशी त्याने एक टाळी वाजवली होती. ती पुढच्या कलमात येईल.

कलम तीन. चांदसाब तांबोळी, टेम्पो वाहतूकवाले, यांना माझ्या मालमत्तेतून काहीही देऊ नये.

हे कलम नुसते एवढेच ठेवा, असे वकील म्हणाले. पण कारण न लिहिता एखाद्याला वगळले तर लोक वाटेल ती कारणे काढतात, म्हणून खरे कारण लिहितो.

आमच्या पेठेत व्यापाऱ्यांचे मंडळ आहे. रस्त्यावरचे दिवे, तुंबलेली गटार, कराच्या नव्या भानगडी, दिवाळीची गर्दी, कशालाही पेठ मंडळाकडे धावते. अध्यक्षपदाला आमच्यात निवडणूक लावत नाहीत. जुने अध्यक्ष भरसभेत एक नाव घेतात. त्या माणसाने "नको, मी कशाला" म्हणायचे. लोक आग्रह करतात. पुन्हा नको म्हणायचे. तिसऱ्यांदा मान खाली घालून "बरं, तुम्हा सगळ्यांची इच्छा" म्हणायचे, की टाळ्या. पंगतीत जिलबी घेतात तीच ही रीत. पहिल्या वाढीलाच ताट पुढे करणाऱ्याला पेठ हावरा म्हणते.

अकरा वर्षांपूर्वीच्या वार्षिक सभेत जुन्या अध्यक्षांनी माझे नाव घेतले. ते घेणार हे सगळ्यांना माहीत होते. मी त्यासाठी सदरा शिवून गेलो होतो. रीतीप्रमाणे उठलो आणि म्हणालो, "नको, नको. मी कशाला? हे चांदसाबभाई आहेत की. त्यांना करा." तो माझ्या शेजारी बसला होता म्हणून त्याचे नाव घेतले. तिथे भिंत असती तर भिंतीचे घेतले असते.

चांदसाब उठला. त्याने माझे दोन्ही हात धरले, कपाळाला लावले आणि सभेला म्हणाला, "अण्णांनी सांगितलं, आता मोडायचं न्हाय." टाळ्या झाल्या. पहिली टाळी माझ्याच पोराची, धनाजीची. त्याला वाटले, बापाने केवढे मोठे मन दाखवले.

दुसऱ्यांदा मला कोणी विचारलेच नाही.

घरी येऊन मी भाकरी कडक आहे म्हणून ताट सरकवले. सोलापूरची भाकरी कडकच असते. अंबुबाई म्हणाली, "तुमीच नको म्हणला की. आता भाकरीवर कशाला राग काढता?" त्यानंतर या विषयावर मी घरात कधी बोललो नाही, आणि मनात दुसरा विषय कधी आला नाही.

या चांदसाबला मंडळात आणला तो मी. माझे गठ्ठे वाहायचा तो, एका जुन्या टेम्पोवर. माणूस कामाचा वाटला म्हणून सभासदत्वाच्या अर्जावर सूचक म्हणून मी सही केली. आणि त्याने काम वाईट केले असते तर मी आज सुखाने डोळे मिटले असते. पण त्याने गल्लीत दिवे आणले. बाजाराला येणाऱ्या बायकांसाठी स्वच्छतागृह बांधून घेतले, जे आम्ही जुने लोक पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी म्हणत होतो. टाळेबंदीत त्याचे टेम्पो घरोघरी किराणा पोचवत होते, आणि माझ्या दारातही त्यानेच पिशवी ठेवली. मोठे साहेब लोक त्याला नावाने हाक मारतात. त्याने एखादा तरी खड्डा विसरावा म्हणून मी वाट पाहिली. त्याने तोही बुजवला.

मला हेवा वाटतो. हे मी सहीनिशी लिहितो. सकाळी दुकान उघडताना समोर मंडळाची पाटी दिसते, रात्री बंद करतानाही तीच. देवासमोर बसलो तरी त्याचीच खुर्ची दिसते, पाठीवर टर्किशचा टॉवेल टाकलेली. तो कोणी टाकला, कधी धुतला जातो, हेही मला माहीत आहे. एखाद्या माणसाने दुसऱ्याच्या टॉवेलची इतकी खबर ठेवू नये.

कलम चार. शाली. दर वार्षिक सभेत चांदसाब भाषणाच्या सुरुवातीला सांगतो, "ही खुर्ची मला मायाप्पाअण्णांनी दिली," आणि मला व्यासपीठावर बोलावून शाल-श्रीफळ देतो. गेल्या वर्षी सूत्रसंचालकाने मला त्यागमूर्ती म्हटले. ज्याने काहीच सोडलेले नाही त्याला लोक त्यागमूर्ती म्हणू लागले की तोंड उघडायची सोय राहत नाही. वर त्या शाली माझ्या दुकानातल्या नसतात. घोंगडी-शालीच्या व्यापाऱ्याचा सत्कार, आणि शाल दुसऱ्या पेठेतून आणलेली, अंधारात अंगावर घेतली तर ठिणग्या उडतील अशी! सर्व शाली अंबुबाईने शेंगांच्या पोत्यांवर टाकाव्यात. नारळ त्या त्या वेळी खाल्ले आहेत.

कलम पाच. मंडळाचे मासिक वार्तापत्र निघते. त्याचे सगळे अंक माझ्या कपाटात आहेत. पहिल्या पानावर चांदसाब असतो. फीत कापताना, झाड लावताना, मुलांना वह्या वाटताना. एका अंकात त्याच्या मागे माझा खांदा आला आहे. तो अंक सुकन्येने ठेवावा. बाकीची रद्दी.

कलम सहा. मंडळाकडून माझ्यासाठी शोकसभा होईल. तिथे चांदसाबने बोलू नये. तो चांगले बोलतो. माझ्या मरणाच्या दिवशी तरी टाळ्या त्याला मिळू नयेत.

कलम सात. चांदसाबने या कागदावर साक्षीदार म्हणून सही करावी. वकिलांनी सांगितले की मृत्युपत्रावर साक्षीदार असलेल्या माणसाला त्याच मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. हे ऐकून मला बरे वाटले. म्हणजे उद्या माझे मन फिरले किंवा घरच्यांना दया आली, तरी कायदाच मध्ये उभा राहील. मी फोनवर त्याला विचारले, तर म्हणाला, "वाचायचं काय त्यात, अण्णा? तुमी लिवलंय ते. कुटं सही करायची तेवढं सांगा."

येथपर्यंत मी मागच्या महिन्यात लिहिले. पुढचे आज लिहीत आहे.

कलम आठ. गेल्या सोमवारी चांदसाब घरी आला. सहीसाठी नव्हे, आपणहून. उजनीकाठच्या केळ्यांचा घड घेऊन जिना चढला. मी अंथरुणावर होतो. थोडा वेळ बसून म्हणाला, "अण्णा, मी आता उतरतोय. गुडघं चालंनात. रविवारी सभा हाय. खुर्ची मूळची तुमचीच. एक वर्ष का हुईना, बसा की."

अकरा वर्षे हे वाक्य मी मनात ऐकले होते. उत्तरही पाठ होते. आणि माझ्या तोंडातून आले, "नको, नको. आता मी कशाला?"

त्याने बरं म्हणून मान हलवली. तेवढ्यात पूनम चहा घेऊन आली. तिने सगळे ऐकले होते. तिने सरळ सांगितले, "चाचा, आमच्यात दोनदा विचारत्यात. मामांनी पयल्यांदा नको म्हणलं, ते तुमी खरं धरलं. त्या वेळीबी आणि आताबी."

चांदसाबने कप खाली ठेवला. "अण्णा, खरं का हे?"

मी म्हणालो, "पोर कायतरी बोलती."

त्याच्या डोळ्यांत पाणी आले. म्हणाला, "हमारे अब्बा बोलते थे, बडे लोगां अपने हात से दिये तो नको नहीं बोलना. तुमी भरसभेत दिलंत. मी न्हाय म्हणलो असतो तर तुमचा अपमान झाला असता. मला वाटलं, अण्णांनी देऊन टाकलं. म्हणून एवढं जपलं, अण्णा. दिवे लावताना, गटार काढताना, दर वेळी वाटायचं, अण्णांनी दिलंय, त्यांचं नाव जायला नको." मग त्याने माझा हात धरला. "घ्या. आता मी दहांदा विचारतो. घ्या."

आणि मी म्हणालो, "नको म्हणजे नको."

का म्हणालो ते मला अजून नीट सांगता येत नाही. मागून मिळालेले घ्यायची आमच्या घरात सवय नाही, हे एक. आणि दुसरे म्हणजे, अकरा वर्षे ज्याला मी मनात चोर म्हणत होतो तो चोर नव्हता. चोरावर जळणे सोपे असते, कोणीही जळू शकते. भल्या माणसावर जळत राहायला फार बळ लागते, आणि माझे त्या दिवशी संपले होते. तो जिना उतरत होता तेव्हा त्याच्या दुखऱ्या गुडघ्याचे एकेक पाऊल मला ऐकू येत होते. एक हाक मारली असती तर तो परत वर आला असता. पूनम माझ्याकडे बघत उभी होती. म्हणाली, "मामा, हवं तर म्हणा की! मी बोलवू का?" मी भिंतीकडे तोंड केले.

रविवारी मंडळाने एका तरण्या माणसाला अध्यक्ष केले. त्याचे नाव लिहीत नाही. त्याच्यावर जळायला आता माझ्याकडे वेळ नाही.

कलम नऊ. कलम तीन, सहा आणि सात यांना हे कलम अपवाद आहे. वकील म्हणाले, मग ती तिन्ही कलमे खोडून टाका. मी खोडणार नाही. लिहिली त्या दिवशी ती खरी होती, आणि अर्धीअधिक आजही आहेत.

माझ्या वडिलांनी, बिरुदेवांनी, घरच्या मेंढरांच्या लोकरीची विणलेली काळी घोंगडी कपाटात वरच्या फळीवर आहे. आमच्यात देव बसवायचा तर घोंगडीवर, आणि मानाचा पाहुणा आला तरी घोंगडीच अंथरतात. दुकानात कितीतरी आल्या-गेल्या, ही मी कधी विकायला काढली नाही. ती चांदसाब तांबोळी यांना द्यावी. घेताना त्यांनी नको म्हणू नये. म्हटले तरी पूनमने ऐकू नये.

घोंगडीबरोबर एक काम आहे. शोकसभेच्या दिवशी अध्यक्षाच्या खुर्चीवरचा तो टॉवेल काढावा आणि ही घोंगडी अंथरावी. तेवढा वेळ खुर्चीवर कोणी बसू नये. मग चांदसाबने उभे राहून, सर्व सभासदांसमोर, माझ्या फोटोकडे पाहून विचारावे, "मायाप्पाअण्णा, अध्यक्ष होता का?"

मला हवे होते. पहिल्या दिवसापासून हवे होते. हे वाक्य मी कधी उच्चारले नाही, ते येथे लिहून देत आहे. म्हणून आग्रह करायची गरज नाही, दोनदा-तीनदा विचारायचीही नाही. एकदाच विचारावे आणि थोडे थांबावे. मी नको म्हणणार नाही.

त्यानंतर धनाजीने पहिली टाळी वाजवावी. मग घोंगडी उचलून चांदसाबने घरी न्यावी आणि खुर्ची नव्या अध्यक्षाला परत द्यावी. माझा हेवा यामुळे संपला, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. घोंगडी उबदार आहे, हे लिहितानाही जिवावर येत आहे.

या कागदाची अंमलबजावणी गुरुशांत वकिलांनी करावी. वर लिहिलेले सर्व मी वाचून पाहिले आहे, मला समजले आहे, आणि पहिल्यांदाच जसेच्या तसे हवे ते लिहिले आहे.

ठिकाण : शुक्रवार पेठ, सोलापूर
दिनांक : ९ डिसेंबर २०२५

सही : मायाप्पा बिरुदेव बंडगर

साक्षीदार :

१. गुरुशांत, वकील. मायाप्पांनी माझ्यासमोर सही केली. मनातले लिहू नये हा माझा सल्ला त्यांनी मानला नाही.

२. ~~चांदसाब तांबोळी~~ रत्नम्मा, शेजारीण, कडक भाकरीचे दुकान.

दुसऱ्या साक्षीदाराचे नाव मी स्वतःच्या हाताने खोडले आहे. खोडाखोडीशेजारी कारण लिहावे लागते, असे वकील म्हणाले.

कारण : यांना द्यायचे आहे.

मा. बि. बंडगर