देवीच्या विहिरीचं पाणी आणि दोघी पोरींचे दात

प्रिय दादा,

चंपीचे दुधाचे दात पडून नवे आले, आणि ते पांढरे आहेत! हे ऐकून ज्यानं उडी मारली असती असा माणूस एकच होता, म्हणून हे पत्र. मानमोडीच्या तापाच्या साथीत तू गेलास त्याला आता आठवं वर्ष लागलं. चंपी माझी धाकटी. तू गेल्यावर चार महिन्यांनी झाली, तू तिला पाहिलंच नाहीस.

आनंदाचं पत्र लिहायला बसले होते, पण मन एका जागी थांबत नाही. दोनदा उठले, पुन्हा येऊन बसले.

तुला ती पंचमी आठवते का? धारूरहून डोंगर उतरून तू मला माहेरी न्यायला आला होतास. थोरली सोनी तुला बघून हसली, आणि तू तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलंस. दातांवर तपकिरी पट्टे.

"यमे, हिचे दात असे कावून?"

मी म्हणाले, "या गावात समद्यांचेच असे. देवीचा कोप हाय."

मामंजी देवीचे पुजारी. त्यांनी तुला सगळी कथा सांगितली. कुणा पूर्वजानं देवळात खोटी शपथ घेतली, म्हणून देवीनं गावाचं तोंड डागाळलं. तू नुकताच हैदराबादेहून शास्त्र शिकून धारूरच्या शाळेत मास्तर झालेला. मला वाटलं, हा आता हसणार आणि माझं सासरशी बिघडवणार. पण तू हसला नाहीस. मांडी घालून बसलास आणि विचारलंस, "बुवा, कोप वंशावर हाय का गावावर?"

"वंशावरच की!"

"मग तुमच्या लेकी दुसऱ्या गावी दिल्या, त्यांच्या पोरांचे दात बी असेच पायजेत."

हा प्रश्न मामंजींना आयुष्यात कुणी विचारला नव्हता.

आणि तू खरंच निघालास! दिंद्रुडला गेलास, मुक्काम करत करत चकलांब्यापर्यंत गेलास. गावाच्या लेकी जिथं जिथं दिल्या होत्या तिथल्या पोरांना तोंड उघडायला लावलंस. लोकांना वाटलं मास्तरला वेड लागलं. सगळ्यांचे दात पांढरे होते. उलट माझ्यासारख्या बाहेरून आलेल्या सुनांचे दात माहेरी असताना चांगले, पण आमच्या पोटी इथं जन्मलेल्या पोरांचे डागी. "यमे, रक्तात न्हाई. इथं काहीतरी हाय. मातीत, हवेत, न्हाई तर पाण्यात." तुझे डोळे कसे चमकत होते तेव्हा!

बाया तुझ्यापुढं तोंड उघडेनात, म्हणून दातांच्या नोंदींची वही माझ्या हाती दिलीस. लहानपणी ओसरीवर कोळशानं मला अक्षरं शिकवली होतीस, ती अशी कामाला आली. पण लगीन झालेल्या बाया दातवण लावून दात काळे करतात, त्यांचं खालचं काय कळणार? मी मग बिनलग्नाच्या पोरी आणि रांडावलेल्या बाया गाठायची. काय काय ऐकून घेतलं मी त्या वेळी! एक म्हातारी म्हणाली, "माजा नवरा गेला, आता दात मोजायला आली व्हय गं?" ते मी वहीत लिहिलं नाही.

हकीमसाहेबांनाही तू धारूरहून घेऊन आलास. त्यांनी म्हाताऱ्यांच्या पाठी चाचपल्या, माना वळवायला सांगितल्या. कुणाची मान वळत नव्हती. ते म्हणाले, "मास्तर, ये सिर्फ दांत का मर्ज नहीं है." तेव्हापासून तुझी झोप उडाली, दादा. देवीच्या विहिरीचं पाणी माझ्या चुलीवर आटवलंस, ओढ्याच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्याचं पाणी आटवलंस, तळाला राहिलेला पांढरा खर सोनाराच्या काट्यावर तोलून पाहिलास. फरक होता. पण त्या खरात काय होतं?

तू बाटली भरून हैदराबादेला तुझ्या गुरुजींकडं पाठवलीस. आम्ही किती दिवस वाट पाहिली! उत्तर आलं: पाणी स्वच्छ आहे, पिण्यास हरकत नाही.

गाव हसलं. मामंजी हसले नाहीत, पण म्हणाले, "देवीचं पाणी हाय. त्याचा जवाब हैदराबादेहून कसा येईल?"

आणि मग तू शेवटचा आलास तो दिवस. तू पुन्हा म्हणत होतास की गुरुजींना काय शोधायचं तेच ठाऊक नाही, म्हणून सापडलं नाही. बाटल्या पुन्हा पाठवू. माझं अंग भारी झालं होतं, घरात रोजची धुसफूस, बायांचे टोमणे. मी तुझ्यावर ओरडले. "तू पाणी ढवळून धारूरला जातोस, गाळ मी गिळते! पुरे झालं तुझं शास्त्र!" तू वही ओट्यावर ठेवून निघून गेलास. मागं वळून तरी पाहायचंस ना! असं काय रुसावं माणसानं?

पंधरा दिवसांत साथ आली. निरोप आला तेव्हा तुझं सगळं होऊन गेलं होतं.

त्यानंतर मी एकच गोष्ट केली. रोज सकाळी अर्धा कोस चालून झिऱ्यावर जायचं, वाटीवाटीनं एक घागर भरायची आणि आणायची. मी तेच प्यायले. चंपी झाल्यावर तिला तेच पाजलं. ह्यांनी एकदा विचारलं, मी म्हणाले, भावाचा नवस हाय. ते पुन्हा बोलले नाहीत.

आता ते सांगते ज्यासाठी खरं म्हणजे हे पत्र आहे.

त्याच सालात माझ्या धाकट्या जावेला, गोदाला, मुलगी झाली. रखमा. एकाच घरात, एकाच चुलीवर दोघी वाढल्या. मी गोदाला म्हणाले होते, हिलाही झिऱ्याचं पाज. ती घाबरली. "आक्का, देवीचं पाणी टाकून वढ्याचं पाजू? मामंजी काय म्हणतील?" मी बरं म्हणाले. पुन्हा कधी विषय काढला नाही.

का काढला नाही, दादा? भांडणाचं भ्या होतं, हे खरं. पण तेवढंच नव्हतं. तुझ्या वहीच्या शेवटच्या पानावर तू लिहिलं होतंस, "एकाच घरात दोन मुलं, दोन पाणी, असं कुठं बघायला मिळालं तर?" ते मी रोज वाचत होते. माझ्यासमोर ते होतं. मला तू खरा ठरायला हवा होतास. एका घागरीत दोघी पोरींचं भागलं असतं. मी एकीलाच पाजलं, आणि दुसरीच्या तोंडाकडं बघत राहिले.

गेल्या महिन्यात रखमाचे दात आले. तपकिरी पट्टे, सोनीसारखेच. आठवड्यानं चंपीचे आले. गोदानं दोघींना अंगणात उन्हात उभं केलं, दोघींचे ओठ वर करून पाहिले आणि माझ्याकडं वळली.

"आक्का, तुमाला हे ठावं व्हतं?"

"ठावं न्हवतं. वाटत व्हतं."

"लई वाटत व्हतं?"

मी होकारानं मान हलवली.

"मग माज्याशी भांडला कावून न्हाई तुमी? दुसऱ्या कशासाठी तर भांडता की!"

याचं उत्तर तुला देता आलं असतं का? तुझं शास्त्र यावर काय म्हणतं? खरं सांग, तू असतास तर आधी वही उघडली असतीस की आधी रखमाला जवळ घेतलं असतंस? मी मात्र त्याच रात्री वही उघडली. दोघींची नावं शेजारी शेजारी लिहिली. मग गोदाचा आवाज कानात आला आणि लेखणी टाकून दिली.

तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी सकाळी मी घागर उचलली तर दारात ती उभी. कडेवर धाकटं पोर, डोक्यावर चुंबळ, हातात तिची घागर.

"झिरा दावा," एवढंच म्हणाली. तिनं मला माफ केलेलं नाही, दादा, आणि मी माफी मागायचं धाडस अजून केलेलं नाही.

मामंजी आम्हाला येताना पाहतात आणि तोंड फिरवतात. पूजेला पाणी अजून विहिरीचंच घेतात. पण परवा देवळाच्या पायरीवर बसले असताना त्यांनी मला हाक मारली. आता ते पार वाकलेत, माणसाचा चेहरा बघायचा तर अख्खं अंग मागं रेलतात.

"यमुने, तुझ्या भावानं माझं बी लिवलंय का त्या वहीत?"

मी वही आणली आणि वाचलं. जन्म याच गावी. मान वळत नाही. पाठ कधीपासून धरली ते आठवत नाही. पुढं तुझा प्रश्न: दात आणि पाठ, दोन्ही एकाच पाण्यानं का?

त्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं. मग विहिरीकडं बोट केलं.

"त्या पाण्यात काय हाय?"

"ठावं न्हाई, मामंजी. त्याला बी ठावं न्हवतं."

"मग ठावं नसताना तो एवढा कावून हिंडला?"

मला रडू आलं. ते म्हणाले, "पोरांना पाजा झिऱ्याचं. देवीला मी सांगतो. ऐकंल ती, न्हाई तर माज्यावर कोपंल, माजं आता काय राह्यलंय?" आणि मग हळूच, "कागद पाठव हैदराबादेला. पुन्हा विचार."

तर मी कागद लिहिते आहे. तुझ्या गुरुजींना, दोघी पोरींचं सगळं. रखमाचं लिहायच्या आधी गोदाला विचारलं. ती म्हणाली, "लिवा. पर हेबी लिवा की तिच्या आईला कुणी धड सांगितलं न्हाई." लिहिलं, दादा. तसंच्या तसं लिहिलं.

तुझं काम मी सोडणार नाही. त्या पाण्यात काय आहे ते माझ्या हयातीत कळेल की नाही, कुणास ठाऊक. पण एक वचन देते, आणि ते तुला आवडो न आवडो. यापुढं कुणाचंही लेकरू वहीत लिहायच्या आधी त्याच्या दारात एक घागर पोचवीन. त्यानं माझा हिशोब चुकला तर चुकू दे, ताडून बघायला विहिरीचं पाणी पिणारं लेकरू उरलं नाही तर न उरो. तू रागावलास तरी मी हे बदलणार नाही.

तुझी,
यमी