मालधक्क्याचा दगडी खांब

पाचोरा, मार्च १९९१

ती. आबांना सुपडूचा जय भीम.

मी बरा आहे, दोन वेळ जेवतो. हात थोडे सोलले आहेत, मायला सांगू नका.

तुम्ही सरकीची पोती वाहिली तो स्टेशनचा जुना मालधक्का पाडायचं काम मिळालंय. माल आता ट्रकनेच जातो. दाराजवळचा खांब दाखवून म्हातारा भिकन हमाल म्हणाला, "तुना बाप आठेच पोतं टेकीसन दम खाये."

पोती घासून घासून त्या दगडाला खळगा पडलाय. मी पाठ लावून पाहिली, तर खळगा माझ्या कमरेशी आला. एवढे वाकून चालत होतात तुम्ही?

आज बाकीचं पाडलं. उद्या तो खांब मलाच फोडायचा आहे.

आबा, तुम्हाला आता सरळ निजता येतं का?

तुमचा,
सुपडू