भोंगा वाजला की टुंबा येतो

वरसे, रोहा
गुरुवार, दुपार

प्रिय रूथ,

हे पत्र मी एझ्राच्या शर्टाच्या खिशात ठेवणार आहे. बॅगेत नको, बॅगा भलत्याच विमानात जातात असं ऐकलंय. तुझा मावसभाऊ भरवशाचा आहे, ठाण्याहून तुझ्या शीराला न्यायला मुद्दाम वाट वाकडी करून आला. पण विमानात त्याला झोप लागली तर तिच्याकडे कोण बघणार, हा एक घोर आहेच. तू त्यांना विमानतळावर घ्यायला येशील तेव्हा पत्र तिथेच वाच. घरी जाऊन, हातपाय धुऊन मग वाचू असं करू नकोस. फोनवर सांगायचा मी प्रयत्न केला, पण फोन वाजला की शीरा आधी माझ्या मांडीवर. तुझं तर, पप्पा, ड्युटीवर आहे, लवकर बोला. मग मी तुला हवापाण्याचं सांगून फोन ठेवतो.

शीराची तब्येत चांगली आहे. दात पडलाय, तो कागदात बांधून दिलाय. जनी कोळीण अष्टमी गावाहून मासे घेऊन येते, आपल्या यहुदी घरात खवल्यांचेच लागतात हे तुझी आई होती तेव्हापासून तिला माहीत आहे. ती शीराला समोर बसवून काटे काढायला शिकवते. पोरीचं मराठी आता जनीसारखं झालंय. नाय, हाय, व्हय असं बोलते. तिकडे शाळेत हसतील की काय असं मला वाटतं, मग आठवतं की तिकडे कोणाला कळणारच नाही. मी हल्ली लवकर दमतो. तिच्यामागे पळून नव्हे, काळजी करून. ती झोपली की तिचा श्वास ऐकत बसतो आणि मग दुपारी खुर्चीत डुलक्या काढतो.

तू तिला सोडून परत गेलीस, त्याच्या दुसऱ्या दिवसाचं तुला मी सांगितलं नव्हतं. सकाळी धाटावच्या कंपनीचा भोंगा झाला. वारा इकडचा असला की आपल्या घरात भांडी हलतील इतका मोठा येतो, तुला लहानपणापासून माहीत आहे. मी अर्धा जन्म त्या भोंग्यावर उठलो, त्यावर जेवलो. मला तो ऐकू येतो हेसुद्धा मी विसरलो होतो. शीराच्या हातातला कप पडला. मी बघतो तर पोरगी मोरीत, पाण्याच्या पिंपामागे, डोक्यावर दोन्ही हात धरून उकिडवी बसलेली. मला म्हणाली, आजोबा, आत ये, दार लाव. मी आत गेलो, दार लावलं, गुडघे वाजेपर्यंत तिच्याजवळ बसलो. दुपारच्या शिफ्टला पुन्हा तेच. संध्याकाळी पुन्हा. तुमच्याकडचं युद्ध, रॉकेट आली की वाजणारे भोंगे मी टीव्हीवर बघत होतो, पण ते मला मोरीत बसल्यावर कळलं.

मी समजावलं. हा कामगारांचा भोंगा आहे, तुझा आजोबा याच्यावर कामाला जायचा. ऐकून घ्यायची आणि पुढच्या भोंग्याला पिंपामागे. रात्री अंथरूण ओलं करायची. जेवण तुटलं होतं. मला काय सुचणार, सातवीपर्यंत शिकलेला माणूस मी. डॉक्टरकडे न्यावं तर काय सांगायचं.

मग ते कार्टून लागलं. संध्याकाळी चहाच्या वेळेला लागतं, मराठीत. दुसऱ्या कुठल्या तरी ग्रहावरची जनावरं माणसांना मदत करायला पृथ्वीवर येतात. त्यांच्या यानाचं नाव गगनगोठा. टुंबा नावाचा सहा पायांचा रेडा त्यांचा पुढारी, एक चष्मेवाली बकरी, आणि एक कासव, जे उडतं पण उतरता येत नाही म्हणून कोणीतरी झेलावं लागतं. मदत म्हणजे सगळी उलटीच. गावाला पाणी हवं म्हणून ढगातून ताक पाडतात. पूल मोडला तर टुंबा स्वतःच आडवा झोपतो आणि गाड्या अंगावरून जायला लागल्या की गुदगुल्या होतात म्हणून उठून बसतो. शीरा कधी नव्हे ती हसली. मीसुद्धा हसलो, खोटं कशाला सांगू. त्या गगनगोठ्याला मोठा भोंगा आहे. तो वाजला की गावातली सगळी पोरं मैदानात धावतात आणि हात वर करून उभी राहतात. हात वर केले नाहीत तर बकरीला माणसं दिसत नाहीत, कारण चष्मा तिच्या नंबरचा नाही.

तू ओळखलंच असशील. एका सकाळी भोंगा झाला, ती उठायला लागली, आणि मी थकलो होतो रूथ, रात्रभर चादरी बदलल्या होत्या. माझ्या तोंडून निघून गेलं की घाबरतेस काय, टुंबा आलाय. कंपनीत मदतीला आलाय, सहा पाय आहेत ना, तिन्ही शिफ्ट एकटा करतो. ती थांबली. माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, मग आपण इथे काय करतोय.

आम्ही समोरच्या मैदानात गेलो, जिथे नवी बिल्डिंग होणार आहे तिथे. हात वर करून उभे राहिलो. जनी पाटी घेऊन येत होती, ती म्हणाली, काय वो काका, पोलिसांनी पकडला काय. शीरा म्हणाली, हात वर कर गो जनी, नायतर बकरीला दिसणार नाय. जनीने पाटी खाली ठेवली आणि हात वर केले. त्या दिवसापासून पिंपामागे बसणं बंद, अंथरूण कोरडं. भोंगा वाजला की पोरगी चप्पल न घालता मैदानात. मी तुला फोनवर सांगितलं की तिची भीती गेली. तू रडलीस, पप्पा, तुम्ही काय जादू केली म्हणालीस. टुंबाचं मी सांगितलं नाही. बरं वाटत होतं. इतक्या वर्षांनी मी कोणाच्या तरी उपयोगी पडलो होतो.

मग गेल्या पंधरवड्यात भोंगा अवेळी झाला. थांबेचना. एका कंपनीने तालीम ठेवली होती, वायू सुटला तर लोकांनी काय करायचं त्याची. रिक्षावरून सांगत फिरत होते की सगळ्यांनी घरात जा, दारंखिडक्या लावा. मी मागे दोरीवरचे कपडे काढत होतो. आत येऊन दार लावलं, खिडक्या लावल्या, हाक मारली, तर घरात शीरा नाही. मी कसा बाहेर आलो मला माहीत नाही. जनी तिला काखेत धरून आणत होती आणि पोरगी पाय झाडत होती. जनी म्हणाली, काका, अख्खा गाव आत नि ही एकटी मैदानात हात वर करून. खरा वायू असता तर काय केला असतात तुमी. मला रोहा दिसत नव्हता, मला तुझं गाव दिसत होतं, तिथला भोंगा आणि उघड्यावर हात वर करून ही.

त्या रात्री मी शीराला खरं सांगितलं. टुंबा नाही, कंपनी आहे, मी गंमत केली होती. तिने माझ्या हातावर थोपटलं. म्हणाली, आजोबा, कंपनी हाय ते मला माहिताय, पण टुंबा कंपनीतच उतरतो ना. मी म्हटलं, तुझ्या आईकडे भोंगा झाला की मात्र आत पळायचं. ती म्हणाली, तेव्हा मला माहीत नव्हतं ना कोण येतं ते. रोज सांगून बघितलं. रागावून बघितलं, तर पुन्हा जेवण तुटलं आणि चादर ओली. आता भीती परत आणू की नको, तूच सांग, मला ठरवता येत नाही. तू म्हणतेस तिकडे आता शांत आहे, शाळा सुरू होतायत, पाठवा. पाठवतो. राहू दे म्हणायचा मला काय अधिकार, मूल आईजवळच हवं. पण शांत आहे हे तू म्हणतेस, भोंग्याने म्हणायला हवं.

सोमवारी तिला जनीकडे ठेवून मी गाडीने पेणला गेलो, मलिद्याचे पोहे आणायला. प्रवासाआधी आपला संदेष्टा एलियाहू हन्नाबी, त्याच्या नावाने गोड पोह्यांचा मलिदा केल्याशिवाय तुझी आई कोणाला दाराबाहेर पाठवत नसे. पूर्वी मलिद्याला घर भरायचं. आज सकाळी मी आणि एझ्रा, दोघांनीच प्रार्थना म्हटली. शीराने विचारलं, एलियाहू पण मदतीला येतो ना, मग तो कुठल्या ग्रहावरचा. एझ्रा हसला, मला हसू आलं नाही. कोण का असेना, वेळेवर ये आणि नीट मदत कर, असं मी मनात म्हटलं.

पेणला माझ्याबरोबर शिफ्टला असणाऱ्याचा मुलगा, निलेश, गणपतीच्या कारखान्यात काम करतो. त्याला मी आदल्या आठवड्यातच फोनवर टुंबा करून मागितला होता. तो म्हणाला, काका, ह्या देवाला सहा पाय, पाट मोठा लागेल. मी म्हटलं, देव नाही, खेळणं आहे. घरी येईपर्यंत गाडीत मी तेच मनाशी म्हणत होतो, आपल्या घरात मूर्ती चालत नाही ना. कासू स्टेशनच्या अलीकडे पिशवी आपटली आणि मागचा एक पाय सुटला. गोंदाने चिकटवलाय, जरा तिरका बसलाय. शीराला यातलं काही माहीत नाही. तो एझ्राच्या हातातल्या बॅगेत, उरलेल्या पोह्यांच्या पिशवीत, मधोमध आहे.

आता का लिहिलं ते. घरी पोचलीस की शीराला खाली एझ्राजवळ थांबव. काहीही कारण सांग. तू एकटी वर जा आणि टुंबाला तुमच्या त्या भोंग्याच्या वेळी लपायच्या, जाड भिंतींच्या खोलीत ठेव, दारातून दिसेल असा. तिला म्हण, इथे मैदान नाही म्हणून गगनगोठा याच खोलीत उतरतो, भोंगा झाला की टुंबा आत येऊन बसतो आणि आपली वाट बघतो, दार लावेपर्यंत त्याला चैन पडत नाही. मी सांगून ती ऐकणार नाही, मी एकदा मैदान सांगून बसलोय. तिने दार उघडल्यावर तो तिथे बसलेला तिला दिसला पाहिजे, मग ती विचारणार नाही, धावत आत येईल. हात वर करायला लागली तर करू दे, तूही कर. फक्त दार आधी लाव. ठेवलास की मला फोन कर, कितीही वाजलेले असोत, मी जागाच असेन.

तुझाच,
पप्पा