चाकणच्या स्क्रीनला माझी थीम

३ मार्च, सोमवार. सकाळी १०.
आमच्या सॉफ्टवेअर कंपनीकडे बबनरावांच्या चाकणच्या लोखंडी ब्रॅकेट कारखान्याचं काम आलं. तपासणीच्या टेबलावर टचस्क्रीन, दोन बटणं: ओके आणि रिजेक्ट. हे काम पास झालं की टीम लीड मी. मॅनेजर जयदीप सर तसं जवळजवळ बोललेत.
नेहा (जॉइन होऊन आठ महिने!) म्हणाली, कोडच्या लायब्ररीत तयार बटणं आहेत, हिरवं-लाल, तशीच लावू. शी! अख्ख्या भोसरीतल्या कारखान्यांत हेच. मग लायब्ररी कस्टमाइज होते ती कशाला?
संकल्प: शुक्रवारपर्यंत सगळं बदलणार.

७ मार्च, शुक्रवार.
बटणांचे कोपरे गोल झाले. बाकीचं मनात तयार आहे. घरी, पिंपळे गुरवला, दिवसभर लाइट नव्हती. लॅपटॉप चार्ज होता, पण मूड गेला.

१२ मार्च, बुधवार.
थीम पूर्ण. कारखान्याचा लोगो लाल, म्हणून मुख्य बटण, म्हणजे ओके, लाल. रिजेक्ट फिकट राखाडी. अक्षरं बारीक, शब्दांनी ओरडू नये.
नेहा म्हणते, एकदा चाकणला जाऊन येऊ. तिथं तेल, घाम, पत्र्याचा वास. किळस येते. घरूनच टेस्ट केलं. पास.

१७ मार्च, सोमवार. दुपारी ३.
स्क्रीन सुरू. पहिल्याच शिफ्टला रिजेक्शन ९७ टक्के. मला वाटलंच होतं. काय घाणेरडा माल काढतात! बबनरावांना सडेतोड मेल टाकला. जयदीप सर सीसीत.

१८ मार्च, मंगळवार.
मेल वाचून बबनरावांनी दोन तास प्रेस मशीन बंद ठेवून माल तपासला. माल उत्तम निघाला.
जयदीप सरांनी चाकणला नेलं. तपासणीच्या शालनबाई म्हणाल्या, आमी खराब माल लाल पेटीत टाकतो, चांगला हिरव्या. समद्या चाकणात असंच हाय. म्हणून खराब दिसलं की लाल दाबलं, चांगलं दिसलं की दुसरं. बारकी अक्षरं चष्म्यानंबी दिसंनात.
अडाणीपणा! मी त्यांना रंगांचं मानसशास्त्र समजावलं. बबनराव म्हणाले, याला आधी भायेर न्या.

२१ मार्च, शुक्रवार.
नेहाने वीस मिनिटांत लायब्ररीची मूळ बटणं लावली. शालनबाईंनी तिला चहा पाजला. सोमवारपासून ती लीड.
माझ्या कामातलं काय ठेवलं, विचारलं. फाइलचं नाव, म्हणाली.
संध्याकाळी पाहिलं. तेही बदललंय.